मुक्ताबाईंची आकृती सतरा

आमच्या संस्थेनं काढलेल्या शेततळ्याच्या पुस्तकात, त्रेपन्नाव्या पानावर, एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढी. तिच्यावर आकृती सतरा पुन्हा छापलेली आहे आणि खाली एक वाक्य आहे: ‘मांडणीकाराच्या हलगर्जीपणामुळे या पानावर चुकीची आकृती छापली गेली, याबद्दल संस्था दिलगीर आहे.’

हे वाक्य मी लिहिलं. त्यातला ‘मांडणीकार’ म्हणजे मुक्ताबाई दराडे. वाक्यात एकच गोष्ट खरी आहे, ती म्हणजे आकृती चुकीची होती.

मुक्ताबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते परभणीला आमच्या संस्थेच्या ऑफिसात. संस्था शेतकऱ्यांना प्रशिक्षण देणारी. मी तिथं माती आणि पाणी हा विषय शिकवत असे आणि पुस्तिका लिहीत असे. जिंतूरला एक बाई आहेत, त्या आकृत्या चांगल्या काढतात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांना बोलावलं होतं. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, ठेंगण्या, चष्म्याला काळी दोरी बांधलेली. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी पहिली वस्तू काढली ती स्वतःचा माऊस.

“आमचा आहे की इथं,” मी म्हणालो.

“असू द्या सर. दुसऱ्याचा माऊस म्हंजे दुसऱ्याची चप्पल. चालता येतं, पण ध्यान पायाकडंच राहतं.”

दुसरी वस्तू स्टीलची फूटपट्टी. पाटबंधाऱ्याच्या कामांवर कंत्राटी ट्रेसर म्हणून त्या कालव्यांचे नकाशे काढायच्या, तेव्हाची. नकाशे कॉम्प्युटरवर गेले, बाईही त्यांच्या मागोमाग गेल्या, पट्टी बरोबर घेऊन. मॉनिटरच्या काचेवर पट्टी लावून त्या रेघ मोजायच्या. कॉम्प्युटर स्वतःच माप दाखवतो, हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, “दाखवतो की. मी बी बघते. दोघांनी बघितलं तर बिघडतं का?”

आमची जुनी पुस्तिका त्यांनी उघडली आणि मुखपृष्ठावरचं संस्थेचं बोधचिन्ह पडद्यावर मोठं केलं. आणखी मोठं केलं. सोळा पट केल्यावर ज्वारीची दोन कणसं राहिली नाहीत, नुसते करड्या रंगाचे चौकोन दिसायला लागले.

“हे ठिपक्यांचं चित्र हाय सर. रेघेचं न्हाई. ठिपक्याचं मोठं केलं की फाटतं. रेघेचं कितीबी मोठं करा, रेघ रेघच राहती.”

व्हेक्टर आणि जेपीजी यांतला फरक मला नंतर अनेक तज्ज्ञांनी समजावून सांगितला. बाईंनी सांगितलं त्यापलीकडचं कुणी काही सांगितलं नाही.

बोधचिन्ह नव्यानं रेघांत काढताना त्यांनी संचालकसाहेबांना विचारलं, “साहेब, डाव्या कणसाला अकरा दाणे हायत आन उजव्याला नऊ. कोणचे ठिवू?” साहेबांनी यासाठी तीन जणांची समिती नेमली. समिती दोनदा बसली. अहवाल येईपर्यंत बाईंनी दोन्हीकडं दहा दहा दाणे काढून टाकले होते आणि तेच आजपर्यंत चालू आहेत. समितीच्या अहवालात काय होतं ते मला आठवत नाही, मी तिचा अध्यक्ष होतो तरीही.

मोठं करून बघायची ही सवय त्यांना माणसांच्या बाबतीतही होती. आमच्या कार्यक्रमाला एक पुढारी आले, तासभर शेतकऱ्यांवर बोलले. मागच्या रांगेत बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, “छान बोलतात.”

“लांबून बरे हायत,” त्या हळूच म्हणाल्या. “मोठं करू नका.”

त्यांचं सगळं काम एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामवर चालायचं. त्यात पान डोळ्यांसमोर मांडायचं नसतं. मजकूर आणि हुकूम एका फाइलीत लिहायचे, आकृत्या शेजारच्या फोल्डरात ठेवायच्या आणि शेवटी एकदा चालवायचं, की सबंध पुस्तक तयार होऊन बाहेर पडतं. जिंतूरच्या गणिताच्या एका प्राध्यापकांचा प्रबंध करताना त्या हे शिकल्या. प्राध्यापकांना पदवी मिळाली आणि त्यांनी तो प्रोग्राम सोडला. बाईंनी धरून ठेवला.

त्या प्रोग्रामची एक खोड होती. रेघेचं चित्र त्याला जसंच्या तसं खाता येत नसे. आधी त्याची पीडीएफ नक्कल करावी लागे. हे काम तो दुसऱ्या एका प्रोग्रामकडून आपोआप करून घेई आणि नकला एका फोल्डरात साठवून ठेवी. पुढच्या वेळी चालवलं की तो तारखा बघे. मूळ चित्राची तारीख नकलेच्या तारखेनंतरची असेल, तरच नवी नक्कल करायची. नाहीतर जुनीच वापरायची. वेळ वाचावा म्हणून केलेली सोय. बाईंचा या सोयीवर विश्वास नव्हता. छापायला देण्याआधी नकलांचं सगळं फोल्डर रिकामं करायचं आणि प्रत्येक चित्र नव्यानं कन्व्हर्ट होऊ द्यायचं, हा त्यांचा नेम. एक्केचाळीस आकृत्यांना आमच्या मशीनवर चाळीस मिनिटं लागत.

“तारीख बघून माणूस ओळखायलंय ते,” त्या प्रोग्रामबद्दल म्हणायच्या. “तोंड बघतच न्हाई.”

मी एकदा सुचवलं, की चित्र बदललं की त्याचं नाव बदलावं. नवं, नवं-दोन, अंतिम, अंतिम-नक्की, असं. आमच्या ऑफिसात सगळे तसंच करत. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “लेकराचा शर्ट बदलला की नाव बदलता का सर? एका चित्राला एक नाव. जुनं पुसायचं, नवं ठिवायचं.”

ही शिस्त चांगलीच होती. फक्त ती पाळणारा माणूस हजर लागतो.

शेततळ्याचं पुस्तक हा माझा हट्ट होता. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र बघून तळं खणता आलं पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणायचो. प्रस्तावनेतही तसं लिहिलं आहे. आकृती सतरा म्हणजे तळ्याचा उभा छेद. तळ्याची बाजू किती उतरती घ्यायची ते तिच्यात दाखवलेलं. मी माझ्या जुन्या टिपणांवरून एकास एक उतार दिला, म्हणजे एक फूट खोलीला एक फूट बाहेर.

बाईंनी आकृती काढली. काढून झाल्यावर पट्टी तिच्यावर आडवी ठेवून बसल्या.

“सर, हे कोणच्या जमिनीला?”

“सगळ्याच.”

“आमच्याकडं काळी हाय. काळी माती अशी उभी राहत न्हाई. पावसानं फुगती आन खाली बसती.”

मी त्यांना मातीच्या कणांविषयी दहा मिनिटं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आमचे आईबाप निम्मं वरीस ऊसतोडीला अन् निम्मं वरीस गावच्या तळ्यावर खणायला. मी मातीची पाटी उचलायला जायची. सकाळी उभी खणलेली कड दुपारी भाकर खाईपर्यंत खाली बसलेली असायची. आई म्हणायची, निजवून खणा, निजवून. तुमच्या पुस्तकात ह्याला काय म्हणतात मला ठाव न्हाई.”

पुस्तकात ह्याला दीडास एक म्हणतात, म्हणजे एक फूट खोलीला दीड फूट बाहेर. घरी जाऊन मी चार संदर्भ चाळले. चारही बाईंच्या आईच्या बाजूनं होते. शुक्रवारी मी त्यांना फोन करून सांगितलं, की मी पुन्हा अभ्यास केला आहे आणि उतार दीडास एक करावा असं माझं मत झालं आहे. त्या ‘बरं’ म्हणाल्या. मजकूर मी बदलला. आकृती त्यांनी रविवारी जिंतूरला घरच्या मशीनवर बदलली.

सोमवारी मी ऑफिसात शुद्धलेखन तपासायला सबंध पुस्तक एकदा चालवून बघितलं. नकलांचं फोल्डर तेव्हा रिकामंच होतं, त्यामुळे जुन्याच आकृतीची एक नक्कल सोमवारच्या तारखेची तयार झाली. मंगळवारी बाई पेन ड्राइव्ह घेऊन आल्या आणि नवी आकृती जुनीच्या जागी, त्याच नावानं ठेवली. तिची तारीख रविवारची. पुढचं काम चालू करणार, तोच गावाहून त्यांच्या भावाचा फोन आला. आई घसरून पडली होती, दवाखान्यात होती.

पिशवी भरता भरता त्या मला सांगत होत्या. “सर, कायबी करू नका. नकलांचं फोल्डर उघडा, सगळं पुसा, मग चालवा. चाळीस मिनिटं लागतील. तव्हर चहा पिऊन या.” दारातून पुन्हा मागं वळल्या. “आधी पुसा, मग चालवा.” माऊस टेबलावरच विसरल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

छापखान्याचा माणूस दुपारी आला. पुस्तकाचं प्रकाशन शनिवारी, पाहुणे ठरलेले. तो बसला, उठला, घड्याळ बघितलं, पुन्हा बसला. मी फोल्डर उघडलं होतं. सगळ्या नकला निवडल्याही होत्या. मग मला वाटलं, काल तर सगळं नीट चाललं होतं. बाईंचं जरा अतीच असतं. मी फोल्डर बंद केलं आणि चालवलं. सहा मिनिटांत पुस्तक तयार झालं.

रविवारची आकृती आणि सोमवारची नक्कल. प्रोग्रामनं तारखा बघितल्या आणि सोमवारची ठेवली.

मी तपासलं नाही, असं नाही. मी बावन्नावं पान उघडून दीडास एक हे शब्द वाचले. त्रेपन्नाव्या पानावरचं चित्र बघितलं नाही. चित्र बघून समजलं पाहिजे असं म्हणणारा मी, स्वतः फक्त शब्द वाचत होतो.

शनिवारी प्रकाशन झालं. आईच्या पायाला प्लास्टर घालून बाई तडक कार्यक्रमाला आल्या होत्या. हातात प्रत पडताच त्यांनी मुखपृष्ठ बघितलं नाही, आपलं नाव बघितलं नाही. सरळ त्रेपन्नावं पान काढलं आणि माझ्याजवळ आल्या. माझ्या गळ्यात हार होता.

“सर, हे जुनं चित्र हाय. नकला पुसल्या न्हवत्या का?”

“पुसल्या होत्या,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही. फार नसेल. “मंग मशीनचं कायतरी झालं असंल,” त्या म्हणाल्या. “वाटायच्या आधी एक चिठ्ठी घाला आत. उद्या करून देते.”

मी म्हटलं, बघू, कार्यक्रम होऊ द्या. कार्यक्रम झाला. मग पुढचा आठवडा, मग पुढचा महिना. प्रती वाटल्या गेल्या. बाईंनी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी बैठकीत होतो. एकदा खरंच होतो.

उन्हाळ्यात देवगाव फाट्याजवळच्या उत्तमराव नावाच्या शेतकऱ्यानं तळं खणलं. पावसाळ्यात तळ्याची एक अख्खी बाजू आत सरकली आणि तिच्याबरोबर बांधावरची मोटर आणि लिंबाची सहा झाडं गेली. माणसं वाचली. उत्तमराव पुस्तक घेऊन ऑफिसात आले आणि ते संचालकसाहेबांच्या टेबलावर उघडून ठेवलं.

“ह्या पानावर दीडपट लिवलंय म्हणं. माझं पोरगं आता वाचून सांगायलंय. मला कुठं वाचता येतंय. मी चित्र बघून खणलं. तुमीच म्हणले होते शिबिरात, चित्र बघून खणा.”

साहेबांनी बैठक बोलावली. बाईंना जिंतूरहून बोलावून घेतलं. त्या टेबलाच्या टोकाला बसल्या, पिशवी मांडीवर. साहेबांनी विचारलं, “बाई, ही चूक कशी झाली? कुणाची?”

बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, “सर सांगतील.”

मला बोलायला वाट करून दिली होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हणालो, की मजकूर बरोबर आहे, चूक मांडणीत झालेली आहे. यातला प्रत्येक शब्द खरा होता. अशी वाक्यं मला चांगली जमत.

बाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

चिठ्ठीचा मजकूर मी लिहायचा ठरलं. मी ‘नजरचुकीने’ असं लिहिलं होतं. साहेब म्हणाले, जरा कडक हवं, लोकांना वाटलं पाहिजे की आपण दखल घेतली. मी ‘हलगर्जीपणामुळे’ केलं. आणि आकृतीची मूळ फाइल बाईंकडं असल्यामुळे चिठ्ठीची मांडणी करायला तो कागद त्यांच्याकडंच पाठवला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“सर, हा मजकूर तुमचाच ना?”

“हो.”

“बदल कायबी न्हाई?”

“नाही.”

“बरं. मंग चालवते.”

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाकीट आलं. चिठ्ठी सुरेख मांडलेली होती. आकृतीची रेघ केसासारखी बारीक आणि अखंड. हलगर्जीपणा हा शब्द बरोबर ओळीच्या मध्यावर.

त्यानंतर आमच्या संस्थेनं त्यांना काम दिलं नाही. परभणी लहान आहे. ‘ती बाई चित्रं चुकवती’ एवढं वाक्य सगळीकडं पोचायला एक पावसाळा पुरला. जिंतूरचं आपलं मांडणीचं दुकान बंद करून त्या देवगाव फाट्याच्या अलीकडं भावाच्या गावी राहायला गेल्याचं मला कळलं. मी निवृत्त झालो. निरोप समारंभात माझ्या शेततळ्याच्या पुस्तकाचा खास उल्लेख झाला.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नात उत्तमराव पंगतीत शेजारी बसले. आता त्यांचं दुसरं तळं आहे, चांगलं आहे. जेवता जेवता म्हणाले, “सर, ती बाई कोण होती हो? माझं तळं जिच्यामुळं गेलं ती? हमेशा शिव्या घालतो बगा मी तिला. सवयच लागली.” मी हातातला घास ताटात ठेवला, आणि मग पुन्हा उचलून खाल्ला. एवढ्या वर्षांनी त्या माणसाच्या तोंडात बाईंसाठी शिवी, नावही माहीत नसताना, आणि ती मी पुरवलेली. मी म्हणालो, “उत्तमराव, ते तळं माझ्यामुळं गेलं.” वाढपी वरण घेऊन आला होता. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, “असू द्या हो सर, तुमी लय साधे,” आणि वरण वाढून घेतलं.

तेव्हा ठरवलं, की ज्यावर लिहिलं त्यावरच ते खोडायचं. नवी चिठ्ठी काढायची आणि मिळेल त्या प्रतीत चिकटवायची. ती मांडायला दुसऱ्या कुणाकडं जाणं मला जमलं नाही.

बाईंच्या घरी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर होता. आसपासच्या शाळांच्या प्रश्नपत्रिकांतल्या भूमितीच्या आकृत्या त्या काढतात. पडद्यावर एक त्रिकोण होता आणि काचेवर तीच पट्टी. चष्म्याची काच आता जाड. मला बघून त्या उठल्या, “या सर,” म्हणाल्या, भावजयीला चहा टाकायला सांगितलं. उशीर का केला, असं विचारलं नाही.

मी मजकूर पुढं केला. पानभर लिहिला होता. त्यात अपराध, अंतःकरण, आयुष्यभराची सल, सगळं होतं. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

“हे लय मोठं झालं. जुन्या चिठ्ठीवर बसणार न्हाई.”

“जुनी चिठ्ठी?”

“तिच्यावरच लावायची ना? मंग तेवढ्याच मापाची पायजे. आकृती ठिवून तीन वळी राहतात.” पेन्सिल घेऊन त्या मजकुरावरून ओळ ओळ खाली यायला लागल्या. “‘अंतःकरणपूर्वक’ काढू का? जागा न्हाई.”

“काढा.”

“‘आयुष्यभर’?”

“काढा.”

शेवटी उरलं ते असं: ‘चुकीची आकृती माझ्यामुळे छापली गेली. मांडणीकाराने ती आधीच दुरुस्त केली होती व मला सावध केले होते. मी ऐकले नाही, आणि विचारल्यावर खोटे बोललो.’ खाली माझं नाव. बरोबर तीन ओळी.

मी म्हणालो, “बाई, तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच शनिवारी. घरी जाऊन तारखा बघितल्या. छापखान्याकडनं पीडीएफ मागवली, तिच्यात समदं असतंय, कोणची नक्कल कवाची ते.”

“मग बैठकीत बोलला का नाहीत? पुरावा होता तुमच्याकडं.”

“तुमी बोलताल म्हणून थांबले.” त्या पडद्याकडं बघत होत्या. “बैठकीत थांबले. चिठ्ठीच्या वक्ताला थांबले, फोन केला. मंग एखादं वरीस थांबले. नंतर थांबायची सवय गेली.”

पुस्तकाचं फोल्डर त्यांनी उघडलं. सगळं जसंच्या तसं होतं, एक्केचाळीस आकृत्या, एकेक नाव. खुर्ची मागं सरकवून त्यांनी माऊस माझ्याकडं ढकलला. स्वतःचा माऊस.

“आधी पुसा,” त्या म्हणाल्या.

मी नकलांचं फोल्डर रिकामं केलं. त्यांनी चालवलं. पडद्यावर आकृत्यांची नावं एकेक करून वर सरकायला लागली. मी चहाचा कप खाली ठेवला आणि चाळीस मिनिटांच्या तयारीनं बसलो.

“आता नवं मशीन हाय,” त्या म्हणाल्या. “चार मिनटं लागतात.”

चार मिनिटं आम्ही दोघं पडद्याकडं बघत होतो. सतरा नंबर आला आणि गेला.

चिठ्ठ्या छापून, पट्टी आणि ब्लेडनं कापून, त्यांनी माझ्या पिशवीत घातल्या. त्यानंतर आजवर सदतीस प्रतींत मी त्या लावल्या आहेत. उत्तमरावांच्या घरची पहिली. पोरानं ती त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “मंग बाईचं नाव काय हाय म्हणले?” बाकीच्या प्रती कुठं कुठं गेल्या आहेत मला माहीत नाही. चिठ्ठी तिथंवर पोचणार नाही, म्हणून हे लिहिलं.

त्या दिवशी मी निघताना बाई म्हणाल्या, “थांबा, लावायची कशी ते बघून जा.” फळीवरून त्यांनी पुस्तकाची त्यांची प्रत काढली. त्रेपन्नाव्या पानावर जुनी चिठ्ठी होती, चारी कोपरे पक्के. त्यांनीच लावलेली. तिच्यावर त्यांनी डिंकाचा पातळ हात फिरवला, नवी चिठ्ठी कडेला कड जुळवून ठेवली आणि स्टीलची पट्टी मधून बाहेर अशी दाबत नेली.

“हवा राहू देऊ नका. हवा राहिली की कोपरा उचलतो.”

मग पुस्तक घेऊन त्या खिडकीशी गेल्या. पान उजेडात धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा पानाला अगदी टेकवून बघितलं.

“खालचं दिसतंय अजून थोडं,” त्या म्हणाल्या, आणि पुस्तक मिटून फळीवर होतं तिथं ठेवून दिलं.